दुर्बिणीतून गुडघ्याचं ऑपरेशन झालंय? गुडघ्याखालची उशी आधी काढा

ऑपरेशननंतर पहिल्यांदा आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आलेला पेशंट टेबलावर आडवा होतो आणि सोबतची माणसं बसायच्या आतच विचारतो, "मॅडम, गुडघा पूर्ण कधी वाकणार? मांडी घालता येईल ना?" प्रश्न रास्त आहे. आपलं जेवण, पूजा, भांगलण, सगळं जमिनीलगतचं. पण त्यांचं बोलणं संपेपर्यंत माझा हात त्यांच्या गुडघ्याखाली गेलेला असतो. गुडघा आणि टेबल यांच्यामधून माझा तळवा आरपार सरकला, की घरी काय चाललंय ते मला कळतं. मग मी विचारते, "रात्री गुडघ्याखाली काय घेता?" उत्तर ठरलेलं असतं: उशी. कुणाकडे लोड, कुणाकडे गोधडीची गुंडाळी.

आम्ही कोल्हापुरात गुडघ्याच्या पेशंटवरच जास्त काम करतो. पेठेतले फुटबॉलवाले, तालमीतली पोरं, कबड्डीवाले, उसाच्या सरीत पाय मुरगळलेले शेतकरी, घरात घसरलेल्या मावशी. ऑपरेशनं वेगवेगळी, पण उशी सगळ्यांकडे एकच. तेच ते रोज सांगण्यापेक्षा लिहून हातात द्यावं, म्हणून हे पत्रक. यातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, उशीचं तेवढं ठेवा.

उशीनं बरं वाटतं, तिथंच घोळ होतो

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बाहेर दोन-तीन छोटे छेद असतात, साधारण अर्धा ते एक सेंटिमीटरचे. एकातून कॅमेरा जातो, दुसऱ्यातून हत्यारं, आणि आतली जागा मोकळी राहावी म्हणून सांध्यात सलाईन सोडतात. बाहेरून पट्टी एवढीशी दिसते म्हणून घरच्यांना वाटतं, फार काही झालं नाही. आत मात्र कापणं, शिवणं, घासणं झालेलं असतं. त्यामुळे सांधा सुजतो आणि त्यात पाणी धरतं.

पाणी धरलेल्या गुडघ्यात आतला दाब सर्वांत कमी असतो तो गुडघा थोडा, सुमारे ३० अंश, वाकलेला असताना. उशी ठेवल्यावर गुडघा बरोबर तेवढाच वाकतो. म्हणून ठणका कमी होतो आणि झोप लागते. पेशंट सांगतात ते अगदी खरं आहे, उशीनं बरं वाटतं. पण रात्रीचे सात-आठ तास आणि दुपारचे दोन तास गुडघा तसाच राहिला, तर मांडीमागच्या शिरा आखडतात, सांध्याच्या मागचं आवरण घट्ट होतं आणि पुढच्या बाजूला भरून येणारी जखम त्या वाकलेल्या मापातच भरत जाते. एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या पुढच्या पट्ट्याच्या (लिगामेंटच्या), ऑपरेशननंतर तर पुढच्या खाचेत गाठीसारखा जाड भाग तयार होऊ शकतो. मग पाय सरळ करायला गेलं की तो मध्ये अडतो, आणि काही जणांना त्यासाठी पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावं लागतं.

सगळ्यांना काळजी असते वाकण्याची. पण वाकणं हळूहळू, उशिरा का होईना, बहुतेकांना परत मिळतं. सरळ होणं पहिल्या काही आठवड्यांत मिळवलं नाही, तर नंतर ते फार चिवटपणे अडून बसतं. आणि गुडघा पाच-दहा अंश जरी वाकलेला राहिला, तरी उभं राहताना मांडीच्या स्नायूला क्षणाचीही विश्रांती मिळत नाही. पाय आखूड झाल्यासारखा वाटतो, माणूस लंगडतो, वाटीच्या पुढे दुखायला लागतं आणि पुढे कंबरही धरते.

करवीर तालुक्यातले एक काका आमच्याकडे आले ते ऑपरेशननंतर पंचविसाव्या दिवशी. "टाके निघाले, थोडं बरं वाटू दे, मग जाऊ," असं घरात ठरलं होतं. गुडघा ११० अंशांपर्यंत वाकत होता आणि काका त्यावर खूष होते. सरळ व्हायला मात्र १५ अंश कमी पडत होते. काकू रात्री दोनदा उठून उशी नीट सरकवत होत्या, काकांना लागू नये म्हणून. मी उशी काढायला सांगितली तेव्हा काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी जे केलं ते मायेनंच केलं होतं, फक्त आधी कुणी सांगितलं नव्हतं. ते १५ अंश परत मिळवायला आम्हाला दोन महिने लागले. पहिल्या आठवड्यात आले असते तर उशी घोट्याखाली सरकवण्यापलीकडे फार काही करावं लागलं नसतं.

मग पाय ठेवायचा कसा

पाय उंच ठेवायचाच आहे, सूज उतरायला त्याची मदत होते. पण उशी टाच आणि पोटरीच्या खालच्या भागाखाली घ्या. गुडघ्याच्या मागे काहीही टेकता कामा नये, तो अधांतरी राहिला पाहिजे.

याशिवाय दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं, टॉवेलची घट्ट गुंडाळी फक्त टाचेखाली ठेवा आणि पाय सैल सोडा. आपल्याच वजनानं गुडघा खाली जाऊ द्या. मागे ताण बसेल, पहिले काही दिवस ही दहा मिनिटं लांबच लांब वाटतील. वरून कुणी दाबायचं नाही. जावयाने, भावाने, कुणीच नाही.

त्याच स्थितीत मांडीचा पुढचा स्नायू आवळा. नीट आवळला गेला की गुडघ्याची वाटी मांडीकडे सरकताना दिसते. पहिल्या दिवशी बऱ्याच जणांची वाटी जागची हलतच नाही आणि ते घाबरतात. सांध्यात सूज असली की मेंदू त्या स्नायूला तात्पुरता बंद ठेवतो. ताकद गेलेली नसते, स्नायूला हुकूम पोहोचत नसतो. दुसऱ्या पायाची वाटी आधी हलवून बघा, मग ऑपरेशनच्या पायाची. पाच सेकंद धरा, सोडा. दर तासाला दहा वेळा. टीव्ही बघताना, जप करताना, कधीही.

एक अपवाद आवर्जून सांगते. मागच्या लिगामेंटचं म्हणजे पीसीएलचं ऑपरेशन झालं असेल, तर फक्त टाचेखाली आधार चालत नाही, पोटरीलाही आधार लागतो. तिथं तुमच्या सर्जननी सांगितलं असेल तेच पाळायचं. आम्ही पहिल्याच दिवशी डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनचा कागद मागतो तो याचसाठी. "गुडघ्याचं दुर्बिणीतून केलं" एवढ्यावर आम्ही हात लावत नाही, आणि कुणी लावत असेल तर तुम्हीही लावू देऊ नका.

कुणाला किती दिवस

शेजारच्या माणसाशी तुलना करू नका. गुडघ्यातल्या दोन हाडांमधल्या गादीचा (मेनिस्कसचा) फाटलेला तुकडा नुसता काढून टाकला असेल, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आधार घेऊन पाय टेकवता येतो, बैठं काम एक-दोन आठवड्यांत सुरू होतं आणि महिना-दीड महिन्यात माणूस बराचसा पूर्ववत होतो. तीच गादी शिवली असेल, तर ती शिवण जपायची असते. सहसा चार ते सहा आठवडे कुबड्या, तेवढेच दिवस ९० अंशांच्या पुढे वाकवायचं नाही, आणि उकिडवं बसणं चार ते सहा महिने विसरायचं. दोघांच्या पट्ट्या सारख्याच दिसतात. शिवलेल्यानं काढलेल्याचं बघून चालायला सुरुवात केली, की टाका तुटू शकतो.

कुबड्या किंवा काठी लंगडणं थांबेपर्यंत वापरा. काठी एकच असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. कमोड खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा. टू-व्हीलरची घाई नको. गाडी चालवणं तितकं अवघड नसतं, पण सिग्नलला अचानक पाय टेकावा लागतो आणि तोच धोक्याचा असतो.

घाबरायचं कशाला आणि कशाला नाही

पहिले काही दिवस आत पाणी हलल्यासारखा आवाज येतो. निळसर-काळा डाग हळूहळू पोटरीपर्यंत उतरतो. वाटीखाली किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाताएवढी जागा बधिर राहते, कधी कधी महिनोन्महिने. न दुखता कटकट आवाज येतो. हे बहुतेकांना होतं.

संध्याकाळी सूज वाढली, तर त्या दिवशी उठबस जास्त झाली असं समजा आणि दुसऱ्या दिवशी कमी करा. बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटं लावा. पहिल्या आठवड्यांत गरम पाण्याचा शेक, तेल, लेप, मालिश यातलं काहीही नको, मग सांगणारा माणूस कितीही जवळचा असो.

पोटरी दुखून कडक झाली, ताप आला, जखमेतून पू किंवा सतत पाणी येऊ लागलं, तर आम्हाला फोन न करता त्याच दिवशी सर्जनना गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वेळ न घालवता थेट जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

"तुमच्याकडे मशीन लावत नाहीत"

ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. करंटचं मशीन आमच्याकडे आहे, मांडीचा स्नायू जागा होत नसेल तेव्हा आम्ही ते लावतोही. पण पाऊण तास मशीनखाली झोपून घरी गेलात, तर गुडघा एक अंशही जास्त सरळ झालेला नसतो. आमच्या पाऊण तासातला बराचसा वेळ तुमच्याकडून व्यायाम करून घेण्यात, तो बरोबर होतोय का हे बघण्यात आणि कोन मोजून वहीत लिहिण्यात जातो. ती वही तुमचीच असते. आज उणे आठ (म्हणजे सरळ व्हायला आठ अंश कमी), परवा उणे पाच, हे तुम्हाला तुमच्या डोळ्यांनी दिसतं.

आम्ही जोर लावून गुडघा वाकवत नाही, यावरही काहींचं म्हणणं असतं की "दुसरीकडे एका दिवसात वाकवून देतात." किंचाळायला लावून वाकवलेला गुडघा रात्री सुजतो, सुजला की मांडीचा स्नायू पुन्हा झोपतो आणि आपण चार दिवस मागे जातो. मी हे काम शिकत असताना अशा टेबलाशेजारी उभी राहिले आहे. त्या पेशंटचं रडणं मला अजून आठवतं, म्हणून इथं ते होणार नाही.

आणि आम्ही रोज बोलावत नाही. घरचा व्यायाम नीट होत असेल तर आठवड्यातून दोनदा पुरतं, पुढे एकदा. व्यायाम तुमच्याच मोबाइलवर, तुमच्याच गुडघ्यावर करून दाखवत शूट करून देतो, म्हणजे घरच्यांनाही कळतं. जिना उतरणं शक्यच नसेल, तर शहरात आम्ही घरी येऊन पहिल्या दोन-तीन भेटी करतो.

एसीएलवाल्या खेळाडूंसाठी

तिसऱ्या महिन्यात तुम्हाला काहीही दुखणार नाही. सूज नसेल, जॉगिंग सुरू झालेलं असेल, टीमवाले बोलावत असतील. हाच काळ सर्वांत फसवा. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेली शीर आधी कमजोर होते, मग शरीर तिला हळूहळू लिगामेंटसारखं घडवतं. दुखणं थांबलं म्हणजे ती पिकली असं नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्लोमधल्या खेळाडूंच्या अभ्यासात दिसलं, की नवव्या महिन्यापर्यंत मैदानात उतरणं जितके महिने लांबवलं, त्यातल्या दर महिन्यामागे पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यानं कमी झालं. म्हणून नऊ महिन्यांच्या आत आम्ही "खेळा" म्हणत नाही. नऊ महिन्यांनंतरही दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरच्या उड्या मोजूनच सांगतो. हंगाम तोंडावर असला तरी. त्यामुळे काही पोरं आमच्यावर रुसून गेली आहेत.

कधी यायचं

तुमच्या सर्जनची परवानगी असेल तर ऑपरेशननंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. टाके निघायची वाट बघू नका, ते निघायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि तोवर उशीनं आपलं काम केलेलं असतं. ऑपरेशनची तारीख पुढची असेल तर त्याआधी एकदा येऊन जा. कुबड्या उंचीप्रमाणे लावून देतो आणि वाटी हलवायला शिकवतो. दुखत नसताना शिकलेलं दुखत असताना आठवतं.

येताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचा कागद, एमआरआयचा रिपोर्ट आणि चालू गोळ्या आणा. सैल हाफ पँट घाला किंवा बरोबर ठेवा. आणि रात्री तुमच्याजवळ जे झोपतात, त्यांना सोबत घेऊन या. उशी कुठे ठेवायची ते त्यांनाच दाखवायचं आहे.