न्यूट्रोफिलचं शेवटचं जाळं

जंतू दिसला की गिळायचा आणि पोटात जिरवून टाकायचा, हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचं काम फार पूर्वीपासून माहीत होतं. २००४ मध्ये बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी तिचं आणखी एक रूप दाखवलं. ही पेशी स्वतःचाच डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकते आणि जंतू त्या धाग्यांत अडकतात. बहुतेक वेळा हे करताना ती मरते. मला भुरळ पडते ती तिच्या या निर्णयाची: एवढं टोक ती गाठते कधी?

सुरुवात होते पेशीच्या आवरणावर. तिथल्या ग्राहक प्रथिनांना जंतूचा स्पर्श कळला की निरोप आत निघतो. प्रोटीन कायनेज सी हे विकर, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन (एन्झाइम), जागं होतं. रॅफ हे प्रथिन मेक नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतं, मेक पुढच्या ईआरके या प्रथिनाला. फॉस्फेट चिकटलं की पुढचं प्रथिन कामाला लागतं. मग एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर ऑक्सिजनपासून अतिशय क्रियाशील रेणू तयार करू लागतं. ज्यांच्यात जन्मतःच हे विकर चालत नाही, त्यांच्या न्यूट्रोफिलना अशी जाळी नीट विणता येत नाहीत आणि बुरशीचे संसर्ग त्यांना पुन्हा पुन्हा छळतात.

खरी गंमत पुढे आहे. पेशीतल्या बारीक कणांत कोंडलेलं इलास्टेज हे प्रथिनं कापणारं विकर सुटतं, केंद्रकात शिरतं आणि डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिनं कापू लागतं. पॅड४ नावाचं विकर, ज्याला कॅल्शियम लागतं, हिस्टोनवरचा धन विद्युतभार कमी करतं. ऋणभारित डीएनएवरची पकड सुटते, गुंडाळी फुगते, केंद्रकाचं आवरण फाटतं आणि शेवटी पेशीचंही. प्रयोगशाळेत तीव्र रासायनिक चेतना दिली, तर याला तीन-चार तास लागतात. धाग्यांवर इलास्टेजसारखी जंतुघातक प्रथिनं चिकटलेली असतात. म्हणूनच जाळं वेळेवर साफ झालं नाही, तर आपल्याच ऊतींना इजा होते, रक्ताच्या गुठळ्याही धरतात.

मग निर्णय कशावर? निदान बुरशीच्या बाबतीत, आकारावर. बुरशीची यीस्ट रूपातली छोटी पेशी गिळता येते. तिला ओळखणारं डेक्टिन-१ हे ग्राहक प्रथिन गिळण्याची क्रिया सुरू करतं, आणि इलास्टेज त्या गिळलेल्या पिशवीतच खर्ची पडतं. केंद्रकापर्यंत पोहोचत नाही. त्याच बुरशीचा लांबलचक तंतू मात्र गिळता येत नाही. तेव्हा इलास्टेज मोकळं राहतं आणि केंद्रकाकडे निघतं.