फेल्स्पारला बढती, केओलिन मात्र रेती-गिट्टीच्याच पंगतीत

बडोद्याजवळ हालोलला हाय-टेन्शन लाइनचे पोर्सिलेनचे इन्सुलेटर बनतात, त्याची बॉडी साधारण निम्मी क्ले असते म्हणजे केओलिन (पांढरी चिनी माती) आणि बॉल क्ले (चिकट, सहज आकार घेणारी माती), आणि उरलेल्यात फेल्स्पार आणि क्वार्ट्झ ही दगडातली खनिजं. चारही दळायच्या एकाच बॉल मिलमध्ये पडतात पण फेब्रुवारी २०२५ पासून सरकारी कागदावर ती दोन वेगळ्या यादीत आहेत, फेल्स्पार-क्वार्ट्झ मेजर मिनरल, म्हणजे केंद्राच्या नियमातलं खनिज, आणि केओलिन-बॉल क्ले मायनर, म्हणजे राज्यांच्या हातातलं. हे असं का झालं ते बघायचं तर आधी जमिनीखाली थोडं डोकवावं लागतं.

केओलिन म्हणजे फेल्स्पारचंच पुढचं रूप. ग्रॅनाइटसारख्या दगडातल्या फेल्स्पारवर पावसाचं किंचित आंबट पाणी लाखो वर्षं मुरत राहिलं की त्यातलं पोटॅशियम-सोडियम धुऊन जातं आणि अॅल्युमिना, सिलिका नि पाणी यांची मऊ पांढरी माती उरते, शुद्ध असेल तर अॅल्युमिना ३९ टक्क्यांच्या वर. उष्ण दमट हवा आणि पाण्याचा चांगला निचरा, दोन्ही लागतं. इंग्लंडात कॉर्नवॉलला ग्रॅनाइटमधून फिरलेल्या गरम पाण्याचाही यात हात होता असं मानतात. कुठे माती जागेवरच राहते, कुठे नद्या ती वाहून दुसरीकडे साठवतात, अमेरिकेतल्या जॉर्जियाचे मोठे साठे तसलेच. आपल्याकडे केरळात ती लॅटराइटच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या खाली सापडते, गुजरातेत साबरकांठ्याला आरसोडिया-एकलारा आणि कच्छला भुजच्या आसपास, तिथे डायनासोरच्या काळातल्या वाळूच्या दगडात. पावागडचा डोंगर एवढा जवळ असून बडोद्याला केओलिन काही नाही, कारण तिथला दगड मुख्यतः बेसॉल्ट, त्यात लोखंड भरपूर, तो कुजला की काळी माती होते. पांढरेपणाला लोखंडाचा थोडासा अंशही नडतो.

चीनमधली पोर्सिलेनची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती सोडतो. विसाव्या शतकात खरा खप झाला कागदाचा, गुळगुळीत मासिकांच्या पानांवर केओलिनचं कोटिंग असायचं, मग १९८० नंतर कागद कारखाने अल्कलाइन पद्धतीकडे वळले आणि स्वस्त कॅल्शियम कार्बोनेटने ती जागा बरीच खाल्ली. रबर, पेंट, टाइल्स चालूच आहेत, जुने डॉक्टर छातीवर गरम करून लावायला द्यायचे ते पोल्टिस म्हणजे लेपही केओलिनचंच, आणि रिफायनरीत जड तेल फोडायच्या म्हणजे क्रॅकिंगच्या कॅटॅलिस्टमध्येही ते असतं हे बडोद्याच्या कोयली रिफायनरीच्या एवढ्या जवळ राहून बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता वादाचा मुद्दा. १९५७ च्या खाण कायद्यात मायनर मिनरल म्हणजे मुळात बांधकामाचा दगड, खडी, साधी माती, साधी रेती. पण केंद्राला वाटलं तर त्यात आणखी नावं घालता येतात, आणि १० फेब्रुवारी २०१५ ला एका फटक्यात ३१ नावं घातली गेली, त्यात फेल्स्पार, क्वार्ट्झ, अभ्रक, बॉल क्ले, फायरक्ले, आणि गंमत म्हणजे एकाच मातीची दोन नावं असून चायना क्ले वेगळं आणि केओलिन वेगळं. त्याच्या महिनाभर आधीच मेजर मिनरलला लिलाव सक्तीचा करणारा अध्यादेश आला होता, म्हणजे ही ३१ त्या लिलावातून आपोआप सुटली. कारण असं दिलं गेलं की राज्यांना कामं लवकर हलवता येतील, आणि छोट्या लीजवाल्याला (खाणपट्टा घेतलेल्याला) दरवेळी दिल्लीकडे किंवा नागपूरच्या केंद्रीय खाण ब्युरोकडे बघावं लागायचं नाही, ते काही खोटं नाही. पण रॉयल्टी प्रत्येक राज्याची वेगळी झाली आणि देशभरातून किती केओलिन निघालं याचा सलग आकडा एका जागी मिळणं अवघड झालं. जो माल इन्सुलेटरमध्ये आणि औषधात जातो त्याला रेतीच्या नियमात बसवणं माझ्या मते तेव्हाही चूकच होतं.

मग २० फेब्रुवारी २०२५ ला बॅराइट्स, फेल्स्पार, अभ्रक आणि क्वार्ट्झ परत मेजर झाली. कारण असं की शेवटची तीन पेग्मॅटाइट या मोठ्या स्फटिकांच्या, ग्रॅनाइटसारख्या दगडात सापडतात, त्याच दगडात लिथियम, टँटलम, नायोबियम असू शकतं आणि मायनर लीजवाला ते सांगतच नाही. कारण पटतं, पण अर्धवट. पेग्मॅटाइटमधला फेल्स्पार कुजला की केओलिनच होतं ना, आणि जागेवर तयार झालेली कच्ची माती वॉशिंग प्लांटमध्ये धुतली की खाली बसतं ते क्वार्ट्झ आणि अभ्रकच. मग वरची माती मायनर आणि खालचा गाळ मेजर असा हिशोब कोणी कसा मांडायचा. चारच नावं उचलली त्याऐवजी एकत्र सापडणारा सगळा गटच बघायला हवा होता.

हे आत्ता महत्त्वाचं होतंय ते सिमेंटमुळे. केओलिनवाली माती साधारण ७०० ते ८५० अंशाला भाजून चुनखडीसोबत घातली की जवळजवळ निम्मं क्लिंकर (सिमेंटसाठी भट्टीत भाजलेला मूळ माल) वाचतं, अशा सिमेंटसाठी २०२३ मध्ये भारतीय मानकही आलं. याला शुभ्र माल लागत नाही, ४० टक्क्यांच्या आसपास केओलिनाइट (केओलिनमधलं मुख्य खनिज) असलेली लालसर मातीही चालते, म्हणजे खाणीतून रिजेक्ट म्हणून बाजूला टाकतात तसलाच माल. त्या ढिगांना गिऱ्हाईक आलं की रॉयल्टी कुठल्या रेटने लावायची हे कच्छला एक ठरेल आणि राजस्थानात दुसरंच.