सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायचा आहे? कागद कोणते लागतात, आत काय होतं

सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. रेशनकार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं. धारणीचं उपजिल्हा रुग्णालय असो की अमरावतीचं इर्विन, म्हणजे जिल्हा रुग्णालय, नियम एकच. नागपूरचं मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. तिथे शुल्काचे नियम वेगळे आहेत, म्हणून तिकडे जाताना रेशनकार्ड सोबत ठेवा.

कागदांपैकी खरा महत्त्वाचा एकच: डॉक्टरांची चिठ्ठी. केसपेपर काढला की थेट एक्स-रे रूमपाशी जाऊन उभं राहू नका. आधी ओपीडीत दाखवा. कोणत्या भागाचा, कोणत्या बाजूने फोटो हवा हे डॉक्टर लिहून देतात आणि त्याशिवाय तंत्रज्ञ मशीन लावत नाही. किरणोत्सर्गाचं काम असल्याने विनाकारण फोटो काढायचाच नसतो, म्हणून ही अट योग्यच आहे. आधार आणि मोबाईल नंबर नोंदणीसाठी विचारतात. जुना केसपेपर आणि आधीच्या फिल्म असतील तर त्या जरूर न्या. जुना डाग वाढला की तसाच आहे, हे दोन फोटो शेजारी धरल्याशिवाय कळत नाही. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा एक्स-रे मशीन नसतं, तिथून पुढे पाठवतात. अशा वेळी संदर्भचिठ्ठी मागून घ्या.

आमच्याकडे अनेक बाया उपाशीपोटी येतात, काही लघवी दाबून बसतात. ते सोनोग्राफीसाठी असतं. छातीच्या किंवा हाडाच्या साध्या एक्स-रेला जेवून आलात तरी चालतं, शिदोरी सोडायची गरज नाही.

आत गेल्यावर त्या भागावरची धातूची वस्तू काढायला सांगतात: काळी पोत, ताईत, सेफ्टी पिन, हेअरपिन, हूकवाले कपडे. मंगळसूत्र काढणं जिवावर येतं, पण मणी-वाट्या फुप्फुसावर पांढऱ्या डागासारख्या दिसतात आणि निदान चुकू शकतं. सोबतच्या माणसाकडे द्या. लांब वेणी असेल तर ती वर बांधतात. छातीच्या फोटोत प्लेटला छाती टेकवून उभं करतात, हनुवटी वर, खांदे पुढे. मग "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणतात. तेवढा क्षण हलू नका. हललात की फोटो पुसट येतो आणि पुन्हा काढावा लागतो. मोडलेल्या हाडाचे सहसा दोन बाजूंनी फोटो काढतात, कारण एकाच बाजूने तडा दिसेलच असं नाही. किरणांनी काही दुखत नाही, पण हात-पाय वळवताना मोडलेली जागा दुखते. ते आधीच सांगा.

बाईला दिवस गेले असतील, किंवा पाळी चुकली असेल, तर फोटोआधी सांगायलाच हवं. लाजून गप्प बसू नका. सासूबाई सोबत असतील आणि त्यांच्यासमोर बोलता येत नसेल, तर सिस्टरला बाजूला घेऊन सांगा. गरज असली तर डॉक्टर पोट शिशाच्या एप्रनने झाकून फोटो काढतात किंवा दुसरी तपासणी सुचवतात. लेकरू धरायला आत जावं लागलं तर तोच एप्रन मागा. गरोदर बाईने मात्र धरू नये. बाकीच्यांनी घाबरू नये. छातीच्या एका फोटोतले किरण आपल्याला निसर्गातून साधारण दहा दिवसांत मिळतात तेवढे किंवा त्याहून कमीच असतात.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणीही मागा, एकट्या एक्स-रेवर क्षयरोग ठरत नाही. क्षयरोग निघाला तर निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. त्यासाठी आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स लागते.

अपघात किंवा मारहाणीची केस असेल तर ती एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे कायदेशीर बाब असलेली केस) म्हणून नोंदवतात आणि फिल्म पुराव्यासाठी दवाखान्यात राहू शकते. निघण्यापूर्वी अहवालाची प्रत मागून घ्या. एरवी फिल्म मिळाली तर घडी करू नका, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. पुढे अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला जायचं झालं तर तीच दाखवावी लागू शकते.

मोफत तपासणीसाठी कुणी पैसे मागितले तर पावती मागा, आणि १०४ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करा.