अर्ध्या तासात येतो म्हणून गेलेला कालप्रवासी

एच. जी. वेल्स यांची 'द टाइम मशीन' ही छोटी कादंबरी १८९५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली, आणि तिच्या शेवटाबद्दल वाचक अजून वाद घालतात. नायकाला वेल्स नाव देत नाहीत, नुसतं 'कालप्रवासी' म्हणतात. एका गुरुवारी रात्री जेवणानंतर तो मित्रांना आठ लाख वर्षांपुढच्या पृथ्वीची हकीकत सांगतो. बहुतेकांना ती थाप वाटते. दुसऱ्या दिवशी निवेदक पुन्हा रिचमंडच्या त्या घरी जातो, तेव्हा कालप्रवासी एका काखेत छोटा कॅमेरा आणि दुसऱ्या काखेत पाठपिशवी घेऊन निघालेला दिसतो. अर्धा तास थांब, जेवायला राहिलास तर नमुन्यासकट पुरावा दाखवतो, असं सांगून तो प्रयोगशाळेत शिरतो. त्यानंतर तीन वर्षं उलटतात. तो येत नाही.

उपसंहारात निवेदक नुसते अंदाज बांधतो. कालप्रवासी भूतकाळात ओढला गेला असेल, पुराश्मयुगातल्या केसाळ रानटी माणसांच्या हाती सापडला असेल, किंवा ज्युरासिक काळातल्या अजस्र सरीसृपांमध्ये पडला असेल. की पुढे गेला असेल, पण इतकं दूर नाही. जिथे माणूस अजून माणूसच आहे आणि आपल्याला छळणारे प्रश्न सुटलेले आहेत अशा एखाद्या काळात? पुस्तक उत्तर न देताच संपतं.

लेखकाने उत्तर दिलं नाही म्हणून कुठलंही उत्तर चालेल, असं मला वाटत नाही. वेल्स यांचं शिक्षण विज्ञानाचं होतं. साउथ केन्सिंग्टनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये ते थॉमस हक्सली यांच्याकडे जीवशास्त्र शिकले आणि १८९३ मध्ये त्यांनी जीवशास्त्राचं पाठ्यपुस्तकही लिहिलं. असा माणूस गोष्ट लिहितो तेव्हा निरीक्षणं टाकत जातो. ती गोळा केली की काही अर्थ टिकतात, काही गळतात.

पहिला प्रश्न अगदी मुळातला. प्रवास झाला तरी होता का? की सगळं स्वप्न, किंवा मित्रांची केलेली फजिती? इथे वेल्स दोन भौतिक पुरावे ठेवतात. गुरुवारी सकाळी यंत्र प्रयोगशाळेच्या आग्नेय कोपऱ्यातून निघालं आणि परतलं तेव्हा वायव्येकडच्या भिंतीशी होतं. कालप्रवासी म्हणतो की हे अंतर म्हणजे भविष्यात तो उतरला त्या हिरवळीपासून पांढऱ्या स्फिंक्सच्या पुतळ्याच्या चौथऱ्यापर्यंतचं अंतर आहे, कारण मॉरलॉकांनी, म्हणजे तिथल्या जमिनीखाली राहणाऱ्या माणसांनी, यंत्र ओढत तिथे नेलं होतं. काळात पुढेमागे गेलं तरी यंत्राची जागा बदलत नाही. म्हणून भविष्यात कुणी ते सरकवलं तर वर्तमानातही ते तेवढंच सरकलेलं दिसणार. हिशेब चोख आहे.

दुसरा पुरावा दोन सुकलेल्या फुलांचा. भविष्यात भेटलेल्या वीना नावाच्या मुलीने ती त्याच्या खिशात ठेवली होती. मोठ्या पांढऱ्या 'मॅलो'सारखी, म्हणजे आपल्या जास्वंद, भेंडी आणि कापसाच्या कुळातली वाटणारी. जेवायला आलेले डॉक्टर ती दिव्याजवळ नेऊन बघतात, 'जायांग (फुलातला स्त्रीकेसरांचा भाग) विचित्र आहे' असं म्हणतात, आणि थोड्या वेळाने कबूल करतात की हे कूळ त्यांना ओळखता येत नाही. वनस्पतीचं वर्गीकरण करताना फुलाचे अवयव, त्यातही स्त्रीकेसरांची रचना, महत्त्वाचे धरतात. पाकळ्यांचा रंग नि आकार त्या मानाने चटकन बदलतो. फसवणूक करायची तर बागेतलं एखादं दुर्मीळ फूल आणता आलं असतं, पण डॉक्टरला कूळच कळू नये असं फूल आणणं अवघड. मला हा पुस्तकातला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो.

मराठी वाचकाला इथे जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'ची आठवण होईल. मराठे पानिपत जिंकलेल्या जगात जाऊन आलेल्या प्राध्यापकांच्या हाती तिथल्या बखरीचं एक फाटलेलं पान राहतं, आणि त्यात गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली असं छापलेलं असतं. फूल काय किंवा पान काय, काम एकच: हे सगळं मनाचे खेळ आहेत म्हणणाऱ्याला अडवणं.

प्रवास झाला हे धरलं तर शुक्रवारी तो गेला कुठल्या दिशेला? याची किल्ली पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे, आणि बरेच वाचक तिच्यावरून पुढे निघून जातात. कालप्रवासी पाहुण्यांसमोर यंत्राची छोटी प्रतिकृती सोडतो. वाऱ्याची झुळूक येते, एक मेणबत्ती विझते, प्रतिकृती क्षणभर भुतासारखी धूसर दिसते आणि नाहीशी होते. मग वाद रंगतो. पाहुण्यांतले मानसशास्त्रज्ञ म्हणतात, ती भूतकाळातच गेली असणार; भविष्यात गेली असती तर या सगळ्या वेळात इथेच दिसायला हवी होती. त्यावर निवेदक उलटा मुद्दा काढतो: भूतकाळात गेली असती तर आपण खोलीत आलो तेव्हा दिसली असती, आणि गेल्या गुरुवारीही. शेवटी खुलासा असा निघतो की यंत्र आपल्यापेक्षा पन्नास किंवा शंभर पट वेगाने काळ ओलांडत असेल, तर त्याचा डोळ्यावर उमटणारा ठसाही पन्नासावा किंवा शंभरावा हिस्सा होतो. बंदुकीची सुटलेली गोळी दिसत नाही, तसंच.

आता हाच नियम शेवटाला लावून बघा. निवेदक दाराच्या मुठीला हात घालतो तेव्हा अर्धवट तुटलेला उद्गार, खटका आणि धप्प असा आवाज ऐकू येतो. दार उघडताच वाऱ्याचा झोत येतो, काच फुटते. कालप्रवासी तिथे नसतो. पण क्षणभर काळ्या आणि पितळी रंगाच्या गरगरत्या भोवऱ्यात बसलेली एक आकृती दिसते, इतकी पारदर्शक की मागच्या बाकावरचे आराखड्यांचे कागद स्पष्ट दिसावेत. डोळे चोळेपर्यंत ती जाते.

क्रम महत्त्वाचा आहे. खटका आधी, आकृती नंतर. यंत्र भविष्याकडे निघालं असेल तर निघाल्यानंतरच्या क्षणांमध्ये ते हजर असणारच, वेग वाढेपर्यंत फिकट दिसणार. ते भूतकाळाकडे निघालं असतं तर त्याची धूसर छाया निघण्याच्या आधीच्या क्षणांमध्ये दिसली असती, कालप्रवासी यंत्रावर बसत असताना किंवा त्याहूनही आधी. खटक्यानंतर काहीच दिसायला नको होतं. पुस्तकाचे स्वतःचे नियम मानले तर तो निघाला भविष्याकडे, आणि निवेदकाची ज्युरासिक भीती निदान पहिल्या क्षणापुरती चुकीची ठरते.

मात्र एक पळवाट उरते, आणि ती मला या निष्कर्षापेक्षाही जास्त आवडते. गुरुवारच्या परतीच्या प्रवासाचं वर्णन करताना कालप्रवासी सांगतो की थांबण्याच्या जरा आधी घरकाम बघणाऱ्या मिसेस वॉचेट उलट्या पावलांनी चालताना दिसल्या, आणि त्याच्याही आधी हिलियर विजेसारखा चमकून गेला. हिलियर हे नाव पुस्तकात तेवढ्या एकाच ठिकाणी येतं. तो नोकर असेल असं धरून आपण पुढे जातो. पण तो निवेदकच असावा, असा तर्क काही वाचकांनी केला आहे. कालप्रवासी भविष्याकडून मागे येत होता, म्हणजे गुरुवारी पोहोचण्याआधी त्याला शुक्रवार ओलांडावा लागला. शुक्रवारी त्याच प्रयोगशाळेच्या दारात निवेदक उभा होता. मग निवेदकाला दिसलेली धूसर आकृती आत्ता निघालेल्या माणसाची नसून आदल्या दिवशीच्या परतीच्या प्रवासातली असू शकते. दोघांनी एकमेकांना पाहिलं, एकाने गुरुवारी सांगितलं, दुसऱ्याने शुक्रवारी अनुभवलं, आणि दोघांपैकी कुणाच्याच ते ध्यानात आलं नाही. हे खरं धरलं तर शुक्रवारी तो कुठल्या दिशेला गेला, हा प्रश्न पुन्हा मोकळा होतो.

वेल्सनी हे ठरवून केलं का, याचा निकाल मजकुरातून लागत नाही. पण घटना एकमेकींत बसतात. अशा घट्ट बसणीला भौतिकशास्त्रात पुढे नावही मिळालं: रशियन शास्त्रज्ञ इगोर नोव्हिकोव्ह यांनी १९८०च्या दशकात मांडलेलं स्वयंसुसंगतीचं तत्त्व. भूतकाळात जाता येत असेल तर तिथे जे घडेल ते आधीच आपल्या इतिहासाचा भाग असलं पाहिजे. इतिहास बदलणारी कोणतीही कृती शक्यच होणार नाही. या तत्त्वाने बघितलं तर ज्युरासिक शेवटही वाचता येतो. तिथे तो मेला असेल तर १८९५ मध्ये त्याचे अवशेष कुठल्या तरी खडकात आधीपासूनच असू शकतात.

इथे प्रश्न येतो की शेवट लावताना विज्ञान कुठल्या काळाचं धरायचं. पुस्तकात तीन कोटी वर्षांनंतरचा सूर्य अवाढव्य, लाल आणि विझत चाललेला आहे. १८९५ साठी हे अगदी रास्त होतं. लॉर्ड केल्विन यांच्या हिशेबात सूर्य आकुंचनातून उष्णता मिळवत होता आणि त्याचं आयुष्य काही कोटी वर्षांचं होतं. किरणोत्सर्ग सापडला १८९६ मध्ये, हायड्रोजनच्या संमीलनाची उकल झाली ती १९२० ते १९३९ या काळात. आज आपण सूर्याची आणखी सुमारे पाचशे कोटी वर्षं मोजतो. म्हणजे पुस्तकातलं विश्व केल्विनचं आहे, आणि आपण ते आइन्स्टाइननंतरच्या विश्वात बसून वाचतो. दोन्ही वाचनं खरी. फक्त आपण कुठलं करतो आहोत हे माहीत असावं.

आजच्या भौतिकशास्त्रात भविष्याकडचा प्रवास हा सिद्ध झालेला परिणाम आहे, फक्त अतिशय लहान. अंतराळवीर सर्गेई क्रिकालेव्ह यांनी कक्षेत एकूण ८०३ दिवस काढले आणि ते जमिनीवरच्या माणसांपेक्षा सुमारे ०.०२ सेकंद कमी म्हातारे झाले. पण असा प्रवासी फिकट होत नाही. तो वेगाने दूर जाऊन परत येतो आणि त्याचं घड्याळ कमी चाललेलं असतं, एवढंच. खोलीच्या कोपऱ्यात बसून विरघळणं सापेक्षतेत बसत नाही.

भूतकाळाची गोष्ट जास्त नाजूक आहे. १९४९ मध्ये कुर्ट ग्योडेल यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांचं एक असं उत्तर काढलं, ज्यात फिरणाऱ्या विश्वात प्रवासी आपल्याच भूतकाळात पोहोचतो. आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही. पुढे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना आपल्या कादंबरीसाठी ताऱ्यांपर्यंतचा वेगवान रस्ता हवा होता. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना विचारलं, आणि त्या विचारण्यातून १९८८ चा थॉर्न, मॉरिस आणि युर्टसेव्हर यांचा कृमिविवरांवरचा (वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणारे बोगदे) शोधनिबंध निघाला. कादंबरीने भौतिकशास्त्राला कामाला लावलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्या निबंधातल्या कालयंत्राची एक अट आहे: ते तयार झालं त्याच्या आधीच्या काळात त्यातून जाता येत नाही. वेल्सच्या यंत्राला ही अट लावली तर पुराश्मयुग, ज्युरासिक सगळं बाद. स्टीफन हॉकिंग तर आणखी पुढे गेले. असं यंत्र बनू लागताच निसर्गाचे नियमच ते हाणून पाडतील, असा त्यांचा १९९२ चा तर्क आहे. २८ जून २००९ रोजी त्यांनी केंब्रिजमध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रणं नंतर जाहीर केली. कुणी आलं नाही. थॉर्न यांच्या अटीत मात्र त्याला सोपं उत्तर आहे: तेव्हा यंत्रच नव्हतं, तर पाहुणे कुठून येणार?

भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये अनेक विश्वांचा मार्ग सुचवला. मागे येणारा प्रवासी दुसऱ्याच शाखेत उतरतो. तसं असेल तर कालप्रवासी खरोखरच अर्ध्या तासात परतला, जेवणाच्या टेबलावर फोटो पसरून बसलाही. फक्त ते टेबल या निवेदकाचं नव्हतं. या अर्थात थोडा दिलासा आहे, पण अडचणही आहे: मग गुरुवारी तो याच टेबलाशी कसा परतला?

राहतो तो न येण्याचा प्रश्न. साधा प्रवासी हरवला तर दिवसागणिक आशा कमी होते. कालप्रवाशाच्या बाबतीत पहिल्या अर्ध्या तासातच जवळजवळ सगळं कळतं. त्याला पुढच्या काळात वीस वर्षं लागोत, परत येताना तो शुक्रवारी दुपारीच उतरू शकतो. उशीर होण्याचं त्याला कारणच नाही. मग निवेदकाने तीन वर्षं वाट पाहणं हा भाबडेपणा होता का?

मला तसं वाटत नाही, आणि कारण यंत्राच्या तबकड्यांत आहे. त्या चार आहेत: एक दिवस मोजते, दुसरी हजार दिवस, तिसरी दहा लाख दिवस, चौथी शंभर कोटी दिवस. तास मोजणारी तबकडीच नाही. तो पहिल्यांदा पोहोचला ते इसवी सन ८,०२,७०१ म्हणजे वेल्सच्या काळापासून सुमारे २९ कोटी दिवस पुढे, तिसऱ्या तबकडीवर २९२ च्या आसपास. तिथून परत येताना नेमकी दुपार पकडायची ती नजरेनेच, भिंती ओळखीच्या दिसू लागल्या की दांडा ओढून. पहिल्यांदा ते जमलं. दुसऱ्यांदा हात एक घर चुकला तर? दुसऱ्या तबकडीवरचं एक घर म्हणजे हजार दिवस, दोन वर्षं नऊ महिने. निवेदक तीन वर्षांनी लिहितो आहे, म्हणजे ही चूक भरून निघण्याची मुदत नुकतीच टळली आहे. चूक तिसऱ्या तबकडीवर झाली असेल तर एक घर दहा लाख दिवसांचं, सुमारे २,७३८ वर्षांचं. गोष्ट १८९०च्या दशकातली धरली, तर तो कॅमेरा घेऊन रिचमंडमध्ये उतरेल इसवी सन ४६३० च्या सुमाराला.