क्रॅस आणि मिन्सेड: क्रिस्पर शोधणारी दोन साधने, दोन वेगळ्या जागा

मेटाजिनोमच्या (एखाद्या नमुन्यातील सर्व सूक्ष्मजीवांच्या एकत्रित डीएनएच्या) माहितीत क्रिस्पर, म्हणजे जिवाणूंच्या डीएनएत विषाणूंच्या खुणा जपणारे पट्टे, शोधायचे ठरवले की क्रॅस आणि मिन्सेड ही दोन नावे बहुधा एकत्रच समोर येतात आणि यांपैकी कोणतेही एक घेतले तरी चालेल, असा समज सहज होतो. या समजाला कारणेही भरपूर आहेत. दोन्ही साधने मुक्तस्रोत आहेत, दोन्ही कमांड लाइनवर चालतात, दोन्हींच्या घडणीत कॉनर स्केनर्टन यांचा वाटा आहे आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या सीआरटी या जुन्या साधनाची पद्धत दोन्हींमध्ये उतरली आहे. न सांगता धरल्या जाणाऱ्या मर्यादासुद्धा त्याच आहेत: रिपीट (क्रिस्परमध्ये पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) डीएनएच्या २३ ते ४७ अक्षरांचा आणि स्पेसर (दोन रिपीटांमधला, बहुधा विषाणूकडून घेतलेला तुकडा) २६ ते ५० अक्षरांचा. फरक पडतो तो साधनाला काय खायला घालायचे, याने. मिन्सेड काँटिगांवर (छोटे तुकडे जोडून बनलेल्या लांब तुकड्यांवर) किंवा पूर्ण जिनोमवर चालवण्यासाठी आहे. क्रॅस सिक्वेन्सरमधून (डीएनए वाचणाऱ्या यंत्रातून) आलेले कच्चे रीड्स, म्हणजे ते छोटे तुकडे, असेंब्ली (जोडणी) न करता, थेट वाचते. (जनुक-संपादनासाठी गाइड आरएनए आखणारी सॉफ्टवेअर्स हा तिसराच विषय असून त्यांचा येथे संबंध नाही.)

हा फरक वरवरचा का नाही, हे थोडे गणित मांडले की कळते. ई. कोलाय या जिवाणूच्या क्रिस्परमध्ये रिपीट सुमारे २९ अक्षरांचा आणि स्पेसर ३२ अक्षरांचा असतो, म्हणजे दर ६१ अक्षरांनी तोच रिपीट पुन्हा येतो. दोन पूर्ण रिपीट आणि त्यांमधला स्पेसर एकाच रीडमध्ये हवे असतील तर ९० अक्षरे लागतात. रीड १०० अक्षरांचा असेल, तर तो सुरू होण्याच्या ६१ संभाव्य जागांपैकी केवळ ११ जागांवरून सुरू झालेल्या रीडमध्ये दोन पूर्ण रिपीट सापडतात. उरलेल्या ५० जागांवरून निघालेल्या रीडमध्ये पूर्ण रिपीट एकच असतो आणि एकाच रिपीटवरून तो रिपीट आहे हे ओळखणे अशक्य असते. रीड १५० अक्षरांचा असला की क्रिस्परच्या आतून आलेल्या प्रत्येक रीडमध्ये दोन पूर्ण रिपीट मावतात, पण तीन मावण्यासाठी १५१ लागतात. मिन्सेड मुळात किमान तीन रिपीट मागते. त्यामुळे कच्च्या रीडवर ते जसेच्या तसे चालवणाऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही आणि तो नमुन्यात क्रिस्परच नाहीत असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. ही अट दोनवर आणण्याची सोय मिन्सेडमध्ये आहे, परंतु त्यामुळे क्रिस्पर नसलेले पुनरावृत्त तुकडेही वाढतात आणि एकच रिपीट असलेले रीड्स तरीही निसटतात.

क्रॅस नेमके हेच निसटणारे रीड्स गोळा करते. क्वीन्सलंड विद्यापीठातील गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या साधनात शोध दोन फेऱ्यांत होतो. पहिल्या फेरीत एकाहून अधिक रिपीट असलेले रीड्स वेचले जातात आणि त्यांतून रिपीटांची यादी तयार होते. दुसऱ्या फेरीत ती यादी हातात घेऊन सर्व रीड्स पुन्हा चाळले जातात आणि ज्यांत एकच रिपीट आहे तेही सामील केले जातात. त्यानंतर सारख्या रिपीटांचे गट पाडले जातात आणि प्रत्येक गटातील कोणता स्पेसर कोणाच्या शेजारी दिसला, याचा आलेख (जाळे) बांधला जातो. अर्थात पहिली फेरी रिकामी गेली तर दुसरीला आधार उरत नाही. टाइप-२ या प्रकारच्या काही क्रिस्परमध्ये रिपीट ३६ आणि स्पेसर ३० अक्षरांचा असतो. तेथे दोन पूर्ण रिपीटांना १०२ अक्षरे लागतात आणि १०० अक्षरांच्या रीडवर क्रॅसलाही कापल्या गेलेल्या टोकांवर भिस्त ठेवावी लागते.

मग आधी असेंब्ली करून मिन्सेड का चालवू नये? चालवावे, पण काय गमावले जाते हे जाणून. जिवाणू नवा स्पेसर सहसा क्रिस्परच्या लीडरकडील (क्रिस्परच्या आधी येणाऱ्या पट्ट्याकडील) टोकाला जोडतात, त्यामुळे एकाच जातीच्या निरनिराळ्या स्ट्रेनमध्ये (उपप्रकारांमध्ये) जुने स्पेसर सामाईक आणि नवे वेगवेगळे असतात. असेंब्ली करणाऱ्या सॉफ्टवेअरला हे दुहेरी संकट असते. रिपीट के-मरपेक्षा (जोडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ठरावीक लांबीच्या तुकड्यापेक्षा) लांब असेल तर त्याच्या सगळ्या प्रती एकाच जागी येऊन गुंता होतो, आणि के-मर मोठा घेतला तरी नव्या स्पेसरांपाशी फाटे फुटतात. अशा ठिकाणी काँटिग तुटते, नाहीतर सर्वांत विपुल स्ट्रेनचा मार्ग टिकतो आणि बाकीचे गळतात. विषाणूंशी नुकत्याच झालेल्या गाठीभेटींची नोंद ज्या टोकाला असते, तेच टोक असे बळी जाते. म्हणून फेज (जिवाणूंचे विषाणू) आणि जिवाणू यांच्या संबंधांचा अभ्यास करणाऱ्याने केवळ काँटिगांतील स्पेसरांवर विसंबणे मला तरी धोक्याचे वाटते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. क्रॅसच्या आलेखात स्पेसर भरपूर असतात, पण ते कोणाचे, हे कळत नाही: शेजारी कॅस जनुके (क्रिस्परसोबत काम करणारी जनुके) आहेत का, क्रिस्पर कोणत्या प्रकारचा, कोणत्या जिवाणूचा, यांची उत्तरे आजूबाजूच्या हजारो अक्षरांत दडलेली असतात आणि ती काँटिगच देते. मिन्सेड ठिकाणासह यादी देते, ती जीएफएफ (जिनोमवरील ठिकाणे नोंदवण्याच्या) स्वरूपातही मिळते आणि स्पेसर वेगळ्या फास्टा (डीएनएचे क्रम लिहिण्याच्या) फाइलमध्ये काढता येतात; म्हणूनच प्रोक्कासारख्या जिनोमवर टिपणे चढवणाऱ्या साधनानेही त्याचा उपयोग केला आहे. लांब आणि अचूक रीड्स असतील तर संपूर्ण क्रिस्पर एकाच रीडमध्ये मावतो आणि मिन्सेड थेट रीडवर चालवणेही योग्य ठरते.

दोन्हींच्या आकड्यांची थेट तुलना मात्र करू नये. मिन्सेडचा एक क्रिस्पर म्हणजे एका काँटिगवरील एक ठिकाण, तर क्रॅसचा एक गट म्हणजे सारखा रिपीट असलेली, कदाचित अनेक स्ट्रेनमधली, अनेक ठिकाणे. शिवाय दोन्ही साधने पुनरावृत्तीचा नमुनाच पाहतात, कॅस जनुके तपासत नाहीत. त्यामुळे पुनरावृत्त प्रथिनांची जनुके दोघांनाही फसवू शकतात आणि निकाल हाताने चाळावा लागतो.

दोन्ही चालवून जोडायचे असतील तर दुवा रिपीटचाच धरावा: मिन्सेडला काँटिगवर मिळालेला रिपीट क्रॅसच्या गटांच्या रिपीटांशी ताडून पाहायचा, म्हणजे त्या गटातील जादा स्पेसरांना निदान संभाव्य मालक मिळतो. मात्र एकाच रिपीटचे क्रिस्पर एकाहून अधिक जातींत असू शकतात आणि दोन साधने तोच रिपीट डीएनएच्या विरुद्ध धाग्यांवरून लिहू शकतात, म्हणून प्रत्येक रिपीट सरळ आणि उलट-पूरक अशा दोन्ही रूपांत तपासावा, आणि टोकाला एकदोन अक्षरांचा फरक आढळला तर तो चालवून घ्यावा.