इजिप्तमधील फुटबॉल मोसम, २०११–१२

इजिप्तमधील फुटबॉल मोसम, २०११–१२ : इजिप्तच्या फुटबॉलमधील अपूर्ण राहिलेला मोसम. १ फेब्रुवारी २०१२ रोजी पोर्ट सैद येथील स्टेडियममध्ये झालेल्या हत्याकांडानंतर देशातील प्रमुख साखळी स्पर्धा आधी थांबविण्यात आली आणि मार्चमध्ये रद्द झाली. इजिप्त चषक ही बाद पद्धतीची स्पर्धाही त्या वर्षी झाली नाही. देशांतर्गत विजेता नसलेल्या या मोसमात इजिप्तचे क्लब आणि राष्ट्रीय संघ देशाबाहेरच्या स्पर्धांमध्ये मात्र खेळत राहिले, आणि घरी स्पर्धात्मक सामने जवळजवळ बंद असताना कैरोच्या अल अहली क्लबने आफ्रिकेतील सर्वोच्च क्लब स्पर्धा जिंकली.

मोसमाची पार्श्वभूमी जानेवारी २०११ च्या उठावाची आहे. राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांना सत्ता सोडावी लागली त्या काळात आधीच्या मोसमाची साखळी स्पर्धा काही महिने बंद होती. ती एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली आणि अल अहलीने सलग सातवे व एकूण ३६ वे विजेतेपद मिळविले. परिस्थिती असाधारण असल्याने तळाच्या संघांना खालच्या श्रेणीत ढकलायचे नाही असे ठरले. परिणामी नव्या मोसमात वरच्या श्रेणीतील संघांची संख्या १९ झाली. या संघांची घडणही इजिप्तच्या राज्यव्यवस्थेचे चित्र दाखविते. पोलीस दलाचा संघ, लष्कराच्या सीमारक्षकांचा संघ, पेट्रोलियम कंपन्यांचे संघ, एका बड्या बांधकाम कंपनीचा संघ अशा सरकारी वा निमसरकारी संघांना पैशाची ददात नव्हती, पण पाठीराखे फारसे नव्हते. लोकांचे खरे प्रेम लाभले ते कैरोतील अल अहली (स्थापना १९०७) व झमालेक (१९११), इस्माइलियाचा इस्माइली, अलेक्झांड्रियाचा इत्तिहाद आणि पोर्ट सैदचा अल मसरी या जुन्या क्लबांना. १९२० साली स्थापन झालेल्या अल मसरीच्या नावाचा अर्थच ‘इजिप्शियन’ असा आहे; सुएझ कालव्याच्या मुखाशी वसलेल्या या बंदरात तेव्हा युरोपीय रहिवाशांचे क्लब होते आणि त्यांच्या तुलनेत हा स्थानिकांचा क्लब, अशी त्यामागची भावना होती. राजधानी आपली उपेक्षा करते ही पोर्ट सैदची जुनी तक्रार अल अहलीविरुद्धच्या प्रत्येक सामन्यात उफाळून येत असे.

या मोसमात काय घडले हे ‘अल्ट्राज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटित पाठीराख्यांचा उल्लेख केल्याशिवाय समजत नाही. अल अहलीचे ‘अल्ट्राज अहलावी’ आणि झमालेकचे ‘व्हाइट नाइट्स’ हे दोन्ही गट २००७ मध्ये उभे राहिले. मुबारक राजवटीत पक्ष, कामगार संघटना आणि विद्यापीठे यांच्यावर कडक पहारा असताना हजारो तरुण एकत्र जमून एका सुरात गाऊ शकतील अशा जागा फारच थोड्या होत्या. स्टेडियममधील प्रेक्षकसज्जा त्यांपैकी एक होती. तिथे पोलिसांशी वारंवार झालेल्या झटापटींतून या तरुणांना लाठी आणि अश्रुधूर यांचा सराव झाला होता. कैरोच्या तहरीर चौकातील उठावाच्या निदर्शनांत, विशेषतः घोड्या-उंटांवरून आलेल्या मुबारकसमर्थकांनी २ फेब्रुवारी २०११ रोजी केलेल्या हल्ल्याच्या वेळी, तो कामी आला. पुढे सत्ता हाती घेतलेल्या लष्करी परिषदेविरुद्धही त्यांच्या घोषणा चालूच राहिल्या. पोर्ट सैदची घटना उंटांच्या हल्ल्याच्या वर्षपूर्तीच्या आदल्या दिवशी घडली हा योगायोग मानायला अल्ट्राज कधीच तयार झाले नाहीत.

१ फेब्रुवारी २०१२ च्या सामन्यात अल मसरीने अल अहलीवर ३–१ असा विजय मिळविला. सामन्याच्या आधी आणि सामना चालू असतानाही प्रेक्षक मैदानात घुसत होते. शेवटची शिट्टी वाजताच यजमानांच्या सज्जातून मोठा जमाव मैदान ओलांडून पाहुण्यांच्या सज्जावर चालून गेला. काही जण सुरे व लाठ्यांच्या घावांनी, काही वरून खाली फेकले गेल्याने आणि बरेच जण बाहेर पडण्याचे दार बंद असल्याने अरुंद वाटेत चिरडून मरण पावले. मैदानातले दिवे त्याच सुमारास विझले आणि पोलीस बहुतांशी बघत राहिले. मृतांचा अधिकृत आकडा ७४ आहे. अल्ट्राज अहलावी आपल्या हुतात्म्यांची संख्या ७२ मानतात आणि हाच आकडा पुढे त्यांच्या फलकांवर व घोषणांत कायमचा आला. जखमींची संख्या ५०० हून अधिक होती. अल अहलीचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये अडकले होते. जखमींना तिथेच आणले जात होते आणि त्यांतील काहींनी खेळाडूंच्या डोळ्यांदेखत प्राण सोडले. त्यांच्यापैकी अबू त्रिका, मोहम्मद बरकत आणि इमाद मोतेब यांनी त्याच रात्री फुटबॉल सोडत असल्याचे जाहीर केले. नंतर तिघेही परतले. त्याच संध्याकाळी कैरोत झमालेक व इस्माइली यांचा सामना चालू होता. बातमी आल्यावर तो मध्यंतरालाच थांबविण्यात आला.

या घटनेचे वर्णन अनेकदा ‘चाहत्यांतील दंगल’ असे केले जाते. ते अपुरे आहे, कारण जिंकलेल्या संघाच्या पाठीराख्यांनी हरलेल्यांवर असा हल्ला का करावा, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला, पोर्ट सैदच्या गव्हर्नरांनी राजीनामा दिला आणि फुटबॉल महासंघाचे मंडळही पायउतार झाले. संसदेच्या चौकशी समितीने प्रेक्षकांबरोबरच सुरक्षायंत्रणेलाही दोषी धरले. १० मार्च रोजी साखळी स्पर्धा रद्द झाली. त्याच महिन्यात महासंघाने अल मसरीवर दोन मोसमांची बंदी घातली आणि पोर्ट सैदचे स्टेडियम तीन वर्षांसाठी बंद केले. अल्ट्राजना ही शिक्षा सौम्य वाटली, पोर्ट सैदच्या लोकांना सूडाची. तिथे उसळलेल्या दंगलीत एका किशोरवयीन मुलाचा मृत्यू झाला.

राष्ट्रीय संघाची घसरण या सगळ्याच्या आधीच सुरू झाली होती. २००६, २००८ आणि २०१० असा सलग तीनदा आफ्रिका चषक जिंकलेला इजिप्त २०१२ च्या स्पर्धेसाठी पात्रही ठरला नाही. नायजर, दक्षिण आफ्रिका आणि सिएरा लिओन यांच्या गटात त्याला सहा सामन्यांत पाच गुण मिळाले आणि तो तळाला राहिला. सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेचे माजी प्रशिक्षक बॉब ब्रॅडली यांच्याकडे संघ सोपविण्यात आला. पोर्ट सैदनंतर अनेक परदेशी माणसे देश सोडून जात असताना ब्रॅडली कैरोतच राहिले आणि शोकसभेत पत्नीसह सहभागी झाले, याची इजिप्तच्या जनतेने कृतज्ञतेने नोंद घेतली. पण खेळाडूंना साखळी सामनेच नव्हते. जून २०१२ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत इजिप्तने मोझांबिकला २–० आणि कोनाक्रीत गिनीला ३–२ असे हरविले. गिनीविरुद्धचा विजयी गोल मोहम्मद सलाहने अगदी अखेरच्या क्षणी केला. त्यानंतर काहीच दिवसांनी पुढच्या आफ्रिका चषकाच्या पात्रता फेरीत अलेक्झांड्रियात मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकासारख्या नवख्या संघाने इजिप्तला ३–२ असे नमविले. परतीचा सामना १–१ असा सुटल्याने सलग दुसऱ्या आफ्रिका चषकाचे दार बंद झाले.

सलाहची कारकीर्द या बंद पडलेल्या मोसमानेच वळणावर आणली. तो तेव्हा अल मुकावलून या बांधकाम कंपनीच्या क्लबकडून खेळत असे. साखळी थांबल्यावर स्वित्झर्लंडच्या बासल क्लबने मार्चमध्ये इजिप्तच्या २३ वर्षांखालील संघाशी मैत्रीपूर्ण सामना ठेवला. सलाह उत्तरार्धात मैदानात उतरला, त्याने दोन गोल केले, इजिप्तने ४–३ असा सामना जिंकला आणि बासलने त्याला करारबद्ध केले. त्याच उन्हाळ्यात लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने गटातील तिन्ही सामन्यांत गोल केले. ब्राझीलकडून ३–२ अशी हार, न्यूझीलंडशी १–१ बरोबरी आणि बेलारूसवर ३–१ विजय, अशी वाटचाल करून इजिप्त उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि तिथे जपानकडून ३–० असा पराभूत झाला. वयाने मोठ्या तीन खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीतून अबू त्रिका या संघात होता. मावळती आणि उगवती पिढी एकाच आघाडीवर दिसण्याचे ते दुर्मीळ दृश्य होते.

क्लब स्तरावर अल अहली आणि झमालेक हे दोघेही आफ्रिकन चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचले, तेही एकाच गटात. त्यामुळे एरवी हजारो लोकांनी गजबजणारी कैरोची पारंपरिक झुंज रिकाम्या स्टेडियममध्ये खेळली गेली. झमालेक गटात तळाला राहिला. अल अहलीची वाट सोपी नव्हती. मालीच्या स्ताद मालियाँकडून बामाकोत १–० असे हरल्यावर परतीच्या सामन्यात अबू त्रिकाच्या हॅटट्रिकने संघ वाचला. पोर्तुगीज प्रशिक्षक मानुएल जोसे त्यानंतर क्लब सोडून गेले आणि होसाम अल-बद्री यांनी सूत्रे घेतली. उपांत्य फेरीत नायजेरियाच्या सनशाइन स्टार्सवर मात केल्यावर अंतिम फेरीत ट्युनिसियाच्या एस्पेरान्सशी गाठ पडली. पहिला सामना घरी १–१ असा सुटला, पण १७ नोव्हेंबर २०१२ रोजी रादेस येथे गेदो आणि वलीद सोलेमान यांच्या गोलांनी अल अहलीने २–१ असा विजय मिळविला आणि सातव्यांदा चषक पटकाविला. डिसेंबरमध्ये जपानमधील क्लब विश्वचषकात त्याने सानफ्रेचे हिरोशिमाला हरविले आणि कोरिंथियन्सकडून १–० असा निसटता पराभव पत्करून चौथे स्थान मिळविले.

या यशाच्या मधोमध ९ सप्टेंबर २०१२ चा सुपर चषक येतो. हा साखळी विजेता आणि इजिप्त चषक विजेता यांच्यातील सामना; नवे विजेतेच नसल्याने आधीच्या मोसमातील साखळी विजेता अल अहली आणि चषक विजेता एन्पी यांच्यात तो खेळविण्यात आला, आणि न्याय मिळेपर्यंत देशात फुटबॉल नको म्हणणाऱ्या अल्ट्राजचा विरोध डावलून तो प्रेक्षकांविना झाला. अबू त्रिकाने त्यात खेळण्यास नकार दिला. क्लबने त्याला दंड करून दोन महिन्यांसाठी दूर ठेवले. अल अहलीने सामना २–१ असा जिंकला.

पोर्ट सैद हत्याकांडाच्या खटल्यात ७३ आरोपी होते, त्यांत नऊ पोलीस अधिकारी. २६ जानेवारी २०१३ रोजी न्यायालयाने २१ जणांना फाशी सुनावताच कैरोत जल्लोष झाला, तर पोर्ट सैदमध्ये उसळलेल्या हिंसाचारात त्या एका दिवसात ३० हून अधिक माणसे मेली. मार्चमधील निकालात दोन पोलीस अधिकाऱ्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली आणि सात सुटले. फेरसुनावणीनंतर २०१७ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने दहा जणांची फाशी कायम केली. दरम्यान २ फेब्रुवारी २०१३ रोजी रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झालेली पुढची साखळी स्पर्धाही त्या उन्हाळ्यातील सत्तांतरात अर्धवट सुटली. अल मसरी त्या मोसमात उतरलाच नव्हता. अल अहलीचे ३७ वे विजेतेपद थेट २०१४ मध्ये नोंदले गेले.