तीनशे एमबीपीएस असूनही रोल का चुकतो?

ब्रॉडबँडच्या जाहिरातींत हल्ली एक आश्वासन हमखास असतं: वेगवान प्लॅन घ्या, लॅग विसरा. माणूस प्लॅन घेतो. शनिवारी रात्री एल्डन रिंग या व्हिडिओ गेममध्ये दोन मित्रांना मदतीला बोलावतो. बॉसची, म्हणजे खेळातल्या बड्या शत्रूची, काठी हातभर अंतरावरून गेलेली डोळ्यांना स्पष्ट दिसते, तरी एका मित्राचं पात्र धाडकन आडवं होतं. मग सर्व्हरच्या नावाने बोटं मोडणं सुरू. गंमत अशी, की या खेळात झुंजीचा डेटा कंपनीच्या सर्व्हरमधून जातच नाही. सर्व्हर फक्त जोड्या जुळवून देतो. पुढचं बोलणं कन्सोल ते कन्सोल थेट चालतं. त्यामुळे संशयित थोडेच उरतात, आणि त्यातला सर्वांत मोठा बहुधा टीव्हीशेजारीच हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला असतो.

एमबीपीएस सांगतं की एका सेकंदात किती माल जाईल. लॅग सांगतो की एक पुडकं निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ गेला. कागदाच्या दहा मालगाड्या एकदम पाठवता येतात म्हणून एखादं पोस्टकार्ड लवकर पोहोचत नाही. आणि खेळाला लागतात ती पोस्टकार्डंच: कोण कुठे उभा आहे, कोणी कुठला वार केला, कोणाला किती लागलं. काहीशे बाइटांची पुडकी, म्हणजे पॅकेट्स, सेकंदाला पाच-पंचवीस वेळा. सगळं मिळून शे-दोनशे केबीपीएसच्या आसपास, म्हणजे ३०० एमबीपीएसचा हजारावा हिस्साही नाही.

मिलिसेकंदांचा हिशेब मात्र कडक असतो. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे फ्रेम, दिसत असतील तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. रोल मारला, म्हणजे वार चुकवायला पात्राने लोळण घेतली, की काही फ्रेम पात्राला काहीच लागत नाही. खेळाडू त्यांना आय-फ्रेम म्हणतात. हौशी लोकांनी व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवून त्या मोजल्या आहेत: खेळ आणि अंगावरच्या चिलखताचं वजन यानुसार साधारण ०.२ ते ०.४५ सेकंद. दिसलेल्या गोष्टीवर बोट हलायलाच माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. एल्डन रिंगमधला मार्गिट तर काठी उगारून मुद्दाम थबकतो, घाईने रोल मारणारा उठून उभा राहिला की मगच ती खाली आणतो. अशा ठिकाणी ५० मिलिसेकंद इकडचे तिकडे झाले की खेळ संपला. टीव्हीचा गेम मोड बंद असेल तर चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात टीव्हीच ५० ते १०० मिलिसेकंद खाऊ शकतो, त्यामुळे इंटरनेटला शिव्या देण्यापूर्वी तो चालू आहे ना, एवढं बघावं.

आता दोन घरं, दोन कन्सोल. बॉसचं डोकं, म्हणजे पुढचा वार कुठला ते ठरवणारा प्रोग्राम, अशा खेळांत एकाच कन्सोलवर चालतं, बहुधा होस्टच्या, म्हणजे ज्याने बाकीच्यांना बोलावलं त्याच्या. पाहुण्याला दिसतो तो थोडा शिळा बॉस. मग वार लागला की हुकला हे ठरवायचं कोणी? होस्टने ठरवलं, तर पाहुण्याने वेळेवर मारलेला रोल तिकडे उशिरा पोहोचणार आणि पाहुण्यावर अन्याय होणार. म्हणून सहकारी खेळांत पुष्कळदा उलटा नियम वापरतात: ज्याच्या अंगावर वार, त्याच्या पडद्यावरचा निकाल खरा. पाहुण्याला स्वतःचा खेळ चोख वाटतो, विचित्र दिसतं ते इतरांना. सुरुवातीच्या प्रसंगात होस्टला काठी हातभर लांबून गेलेली दिसली, कारण त्याला मित्राची जागाही शिळीच दिसत होती. मित्राच्या पडद्यावर ती थेट टाळक्यात बसली होती. दोघंही खरं बोलत असतात.

लॅग स्थिर असेल तर हात त्याला सरावतात. ८० मिलिसेकंद रोजचे ८० राहिले तर खेळता येतं. छळतो तो कधी १५ आणि कधी ३०० होणारा लॅग. पॅकेट यायला उशीर झाला की कन्सोल अंदाज बांधतो: हा उजवीकडे पळत होता, म्हणजे अजून पळतच असेल. खरी माहिती आली की चूक एकदम दुरुस्त होते आणि पात्र उडी मारल्यासारखं दुसरीकडे उगवतं.

अंतराचं गणित सोपं आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई–पुणे जाऊन-येऊन दीड-दोन मिलिसेकंद. मधली यंत्रं धरून पाच-दहा. मुंबई ते न्यू जर्सी सरळ रेषेत साधारण १२,५०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास. तिकडच्या चुलतभावाबरोबर मॉन्स्टर हंटर खेळताना हे दोनशे गृहीतच धरावेत, कुठलाही प्लॅन ते कमी करणार नाही.

पण मुंबई–पुण्याचे आठ मिलिसेकंद रात्री साडेनऊला चारशे कसे होतात? अंतर तर वाढलेलं नसतं. वाढलेली असते रांग.

घरातल्या कोणीतरी लग्नाहून येऊन फोन चार्जिंगला लावलेला असतो. वायफाय मिळताच फोन दोनशे फोटो आणि चार व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागतो. समजा अपलोडची क्षमता २० एमबीपीएस आहे. फोनकडून येणारी पॅकेट्स त्याहून वेगाने आली की राउटर ती आपल्या मेमरीत रांगेने उभी करतो. या जागेला बफर म्हणतात. बफर १ एमबीचा असेल तर भरल्यावर त्यात ८० लाख बिट आहेत. सेकंदाला २ कोटी बाहेर पडतात. म्हणजे रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्याला ०.४ सेकंद थांबावं लागणार. तुमच्या रोलचं इवलंसं पॅकेट याच रांगेत, फोटोंच्या मागे. रेशनच्या दुकानात एकाला फक्त काडेपेटी हवी आहे आणि पुढे चाळीस जण पोती घेऊन उभे आहेत.

फोन थोडं दमाने का घेत नाही? कारण त्याला कोणी थांबवतच नाही. फोटो टीसीपी नावाच्या नियमाने जातात. हा नियम सावकाश सुरू होतो, वेग वाढवत नेतो, आणि एखादं पॅकेट हरवलं की समजतो, पुढे गर्दी आहे. मग वेग झपकन कमी करतो. याच्या मुळाशी खरीखुरी कोंडी आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला, जेमतेम चारशे यार्डांचा दुवा सेकंदाला ३२ हजार बिटांवरून चक्क ४० बिटांवर आला होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला, तो हाच: हरवलेलं पॅकेट ही गर्दीची खूण माना. पुढे मेमरी स्वस्त झाली. राउटर बनवणाऱ्यांनी विचार केला, पॅकेट हरवणं वाईट, तर मग बफर मोठा करू. झालं. आता पॅकेट हरवतच नाही, नुसतं थांबून राहतं. टीसीपीला गर्दीची खूणच मिळत नाही, तो बफर तुडुंब भरेपर्यंत ओतत राहतो. जिम गेटीज यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याला बफरब्लोट असं नाव दिलं.

उपाय मात्र फार सुंदर आहे, त्याच्यापाशी जरा रेंगाळायला हवं. बफर लहान करणं हे उत्तर नाही, कारण डेटा गठ्ठ्यांनी येतो आणि क्षणभराची रांग उपयोगाचीच असते. वाईट ती रांग जी हटतच नाही. दोन्हींत फरक कसा करायचा? २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली. ती रांगेची लांबी बघतच नाही. प्रत्येक पॅकेट आत येताना त्यावर वेळेचा शिक्का मारायचा आणि बाहेर पडताना ते किती थांबलं ते बघायचं. सरासरी नाही, कमाल नाही, किमान. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एका जरी पॅकेटला ५ मिलिसेकंदांपेक्षा कमी थांबावं लागलं असेल, तर रांग एकदा तरी ओसरली, काळजी नको. संपूर्ण अवधीत किमान थांबणंही ५ च्या वरच राहिलं, तर ही रांग मुक्कामाला आली आहे. एक पॅकेट टाकून द्या. तरी सुधारणा नाही? पुढचं १०० भागिले २ चं वर्गमूळ, म्हणजे ७१ मिलिसेकंदांनी टाका, मग १०० भागिले ३ चं वर्गमूळ, ५८, मग ५०. वर्गमूळच का? टीसीपीचा वेग पॅकेट हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्या व्यस्तात बदलतो, म्हणून अशा टप्प्यांनी टाकलं की वेग एकसारखा, सरळ रेषेत उतरतो. मुद्दाम टाकलेलं एकेक पॅकेट फोनला सांगतं: बाबा, सावकाश. फोटो क्षणभर उशिरा चढतात, कोणाला पत्ताही लागत नाही.

एफक्यू-कोडेलमध्ये याच्यावर आणखी एक थर आहे. एका रांगेऐवजी १,०२४ रांगा. पॅकेट कुठून आलं, कुठे चाललं यावरून त्याची रांग ठरते, आणि ज्याची रांग तुंबत नाही अशा विरळ येणाऱ्याला आधी सोडतात. हे पॅकेट खेळाचं आहे हे राउटरला ओळखावंही लागत नाही. काडेपेटीवाल्यासाठी वेगळी खिडकी आपोआप उघडते.

घरी तपासायचं तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. कमांडची खिडकी उघडून पिंग ८.८.८.८ सुरू करा: गूगलच्या सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन पॅकेटला किती मिलिसेकंद लागले ते दिसत राहील. विंडोजवर सतत चालण्यासाठी टी चा पर्याय द्यावा लागतो. मिनिटभर आकडे बघा, समजा १२. मग ड्राइव्हवर एखादी २ जीबीची फाइल चढवायला लावा आणि आकड्यांवर नजर ठेवा. १२ चे २५-३० झाले तर घर निरोगी. दीडशेच्या वर गेले तर गुन्हेगार सापडला. हाच प्रयोग मोठं डाउनलोड लावूनही करा. दुसरा कन्सोल ९० जीबीचा अपडेट ओढत असेल तर रांग उलट्या दिशेनेही लागते.

राउटरमध्ये एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी व्यवस्था) किंवा एफक्यू-कोडेलची सोय असेल (ओपन-डब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरमध्ये ती घालता येते), तर ती चालू करा आणि वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. अपलोड ४० मोजला तर ३५ भरा. या पाच एमबीपीएसवर पाणी सोडायचं कारण असं, की रांग नेहमी सर्वांत अरुंद जागी लागते. मर्यादा पूर्ण ४० ठेवली तर ती जागा कंपनीने बसवलेल्या डब्यात जाते आणि तिथे तुमचं काही चालत नाही. इथे एक अडचण सर्रास येते: स्वस्त राउटरचा प्रोसेसर ३०० एमबीपीएसवर हा हिशेब करू शकत नाही आणि डाउनलोड १२० वर येऊन अडतो. तसं झालं तर नियम फक्त अपलोडला लावा. सोयच नसेल तर त्या फोनच्या अपलोडवर राउटरमधून मर्यादा घाला, नाहीतर फोटोंचा बॅकअप खेळ संपेपर्यंत थांबवा. फुकट आणि रामबाण.

अपलोडचा वेगही ३०० असेल तर १ एमबीची रांग २७ मिलिसेकंदांत ओसरते, तेवढ्यापुरती जाहिरात खरी आहे. पण मग अरुंद जागा सरकून वायफायमध्ये येते. दोन भिंतींपलीकडचा कन्सोल २.४ गिगाहर्ट्झवर असेल आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह फिरू लागला, तर तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच असल्याने पॅकेट्स पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात. कन्सोलला केबल लावा. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते. सोन्याचा मुलामा दिलेली गेमिंग केबल, आठ शिंगांचा लाल दिव्यांचा राउटर आणि पिंग बूस्टर नावाची अ‍ॅप्स यांची जागा राउटरवर टांगलेल्या लिंबू-मिरचीशेजारी आहे. त्या राउटरात एसक्यूएम असेल तर पैसे त्याचे द्यावेत, शिंगांचे नाही. दर शनिवारी राउटर बंद-चालू करण्याचं व्रतही तसलंच: रांग रिकामी होते खरी, पण पुढचा फोटो चढू लागेपर्यंत.

लॅग नाही, पण मित्रच आत येत नाही, हा वेगळा आजार. एल्डन रिंगमध्ये जमिनीवर सोनेरी खूण दिसते, ती दाबली की बोलावणं फसतं. तिथे नॅट बघा, म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवणारी राउटरची व्यवस्था. पीएस५ वर सेटिंग्ज, नेटवर्क, मग इंटरनेट कनेक्शनची चाचणी: टाइप २ चालतो, टाइप ३ म्हणजे दार बंद. एक्सबॉक्सवर ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट असे शब्द दिसतील. कारणं मुख्यतः दोन. एक म्हणजे कंपनीच्या डब्यामागे आपला दुसरा राउटर. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर (राउटरचं काम न करता नुसता दुवा म्हणून) टाकायला सांगा आणि आपल्या राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलला स्वतःहून दार उघडून घेऊ देणारी सोय) चालू करा. दुसरं, राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या, पत्त्याचे आकडे १००.६४ ते १००.१२७ मध्ये असणं; म्हणजे कंपनीने अनेक घरांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून दिलाय, आणि मग घरातल्या कुठल्याही सेटिंगने फरक पडत नाही, स्वतंत्र स्टॅटिक पत्ता मागून घ्यावा लागतो. तो मिळेपर्यंत ज्याचं नॅट मोकळं आणि कन्सोल केबलवर, त्यालाच होस्ट करावं. कडक नॅटवाला पाहुणा त्याच्याकडे बहुधा आत येतो.